पुंजारामचा जबाब

सांडू खाली बसला तेव्हा निजामुद्दीन उस्तादांना वाटलं, पोरगं सोंग करतंय.

"ऊठ," मैदानाच्या मधोमध उभे राहून ते ओरडले. "पाच फेऱ्या राहिल्यात अजून."

सांडू उठला. गुडघ्यांवर हात टेकून क्षणभर वाकून राहिला, मग पळू लागला; पण चुन्याच्या रेषेवरून नाही. तो आडवाच, कडेच्या बाभळींच्या दिशेनं निघाला होता. पाय एकमेकांत अडकत होते. मागून येणारी दोन-तीन पोरं हसली. दहा-बारा पावलांवर तो तोंडघशी पडला, आणि पडताना त्यानं हातसुद्धा पुढे केले नाहीत.

ते पाहिलं आणि उस्ताद धावले. शिट्टी वाजवायचं त्यांना सुचलं नाही, आणि शिट्टी वाजली नाही म्हणून बाकीची अकरा पोरं पळतच राहिली. उस्तादांनी सांडूला उताणं केलं. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि ठणठणीत कोरडं होतं. मे महिन्यातली दुपारची साडेचारची वेळ, तासाभरापासून पळणारं पोर, आणि कपाळावर घामाचा एक थेंब नाही. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडेच पाहत नव्हते.

"सांडू," उस्तादांनी त्याच्या गालावर चापट्या मारल्या. "अरे सांडू, बेटा."

रांग मोडून पहिला आला तो पुंजाराम. सतरा वर्षांचा, संघाचा कप्तान. त्यानं आणि उस्तादांनी मिळून सांडूला उचललं आणि रस्त्यापर्यंत नेलं. तिथं टांगा मिळाला. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत सांडूला दोनदा झटके आले. डॉक्टरांनी त्याचे कपडे उतरवले, ओल्या चादरीत गुंडाळला, समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फाची लादी मागवली. बर्फ त्याच्या अंगावर वितळत राहिला. दिवस मावळायच्या आत सांडू गेला.

डॉक्टर तरुण होते. व्हरांड्यात येऊन त्यांनी उस्तादांना विचारलं, "शेवटचं पाणी कधी प्यायला होता?"

"येताना प्यायला असेल," उस्ताद म्हणाले.

"म्हणजे मैदानावर आल्यावर प्यायलाच नाही?"

"प्रॅक्टिसला पाणी नसतं," उस्ताद म्हणाले. मैदानाला छप्पर नसतं, असं म्हणावं तसं ते म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते आत गेले. भिंतीला टेकून पुंजाराम उभा होता. सांडूचे बूट त्याच्या हातात होते.

उस्तादांची फुटबॉल शिकवायची रीत औरंगाबादेत छावणीपासून बेगमपुऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती. उजव्या पायानं खेळणाऱ्या पोराला ते महिनाभर फक्त डाव्या पायात बूट घालू देत आणि त्याच पायानं चेंडू मारायला लावत. विटा मांडून त्यांच्यामधून चेंडू काढायला लावत. वीट हलली की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांवर रुमाल बांधून चेंडू पायाखाली फिरवायला सांगत. चेंडू बघायचा नाही, पायाला कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भिंतीवर खडूनं चौकोन काढलेला असे, त्यात शंभर वेळा चेंडू बसल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत. फी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली चार पोरं राज्याकडून खेळली होती, आणि जुन्या शहरात त्यांना रस्त्यानं जाताना म्हातारी माणसंसुद्धा आधी सलाम करत.

हे सगळं ते हैदराबादेत शिकले होते. विशीत निजामाच्या पलटणीच्या संघात होते तेव्हा एका बुजुर्ग हवालदारानं त्यांना घडवलं. पाणी पोटात गेलं की पाय जड होतात, तहान मारायला शिकला तो नव्वद मिनिटं मैदान मारू शकतो, हे त्या हवालदाराचंच. पोलीस अ‍ॅक्शननंतर पलटण मोडली. उस्ताद एक ट्रंक आणि बुटांचा एक जोड घेऊन औरंगाबादला परतले, लोकल बोर्डात, आताच्या जिल्हा परिषदेत, शिपाई म्हणून चिकटले आणि संध्याकाळची पोरं जमवू लागले. त्याला आता पंचवीस वर्षं झाली होती. गेल्या वर्षी पतियाळ्याचा कोचिंगचा कोर्स करून आलेला एक तरुण मास्तर मैदानावर येऊन म्हणाला होता, दर वीस मिनिटांनी पोरांना मीठ-साखरेचं पाणी द्या, शास्त्र असं सांगतं. उस्ताद म्हणाले, "पाळणापण बांधू का?" पोरं पोट धरून हसली होती.

सांडू त्यांना दोन वर्षांपूर्वी सापडला होता. कन्नडजवळच्या एका खेड्यातलं पोर, शाळेसाठी शहरातल्या बोर्डिंगात राहायचं. बोर्डिंगामागं चिंध्यांचा चेंडू घेऊन एकटंच खेळत होतं. उस्ताद सायकलवरून उतरले आणि अर्धा तास बघत उभे राहिले. चौदाव्या वर्षीच त्याच्या डाव्या पायात अशी नजाकत होती, की चेंडू दोरीनं बांधल्यागत मागं यायचा. जिल्हा संघटनेचे सेक्रेटरी तात्यासाहेब, त्यांना उस्तादांनी सांगून ठेवलं होतं, हे पोरगं देशाकडून खेळेल. आठ दिवसांनी नागपूरला राज्याच्या संघासाठी निवडीचे सामने होते. नागपूरचं ऊन इथल्यापेक्षा वाईट, म्हणून उस्तादांनी प्रॅक्टिसची वेळ पाचवरून साडेतीनवर आणली. आणि बाकीच्यांना दहा फेऱ्या, तर सांडूला तेरा. जो जास्त चांगला, त्याला जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार मैदानावर आले. लिंबाखाली खुर्ची टाकून बसले, मांडीवर पुठ्ठा आणि कागद. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली होती, आता जबाब घ्यायचे होते. पोरं रांगेत उभी राहिली. उस्ताद जरा बाजूला, हात मागं बांधून उभे होते.

"तू कप्तान ना?" जमादारांनी पुंजारामला विचारलं. "काल पोरांना पाणी होतं का?"

पुंजाराम जमिनीकडे बघत होता. उस्तादांना वाटलं, आता हा वर बघेल, माझ्याकडे बघेल. त्यानं बघितलं नाही.

"व्हतं," तो म्हणाला. "सगळे पिलो."

"सांडू?"

"तोबी पिला. त्याला सकाळपासूनच बरं नव्हतं. ताप व्हता अंगात. नको येऊ म्हणलं तर आला."

जमादारांनी लिहिलं. मग पुढचा पोरगा आला. त्यानंही तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यानंही. पाणी होतं, सगळे प्यायलो, सांडूला ताप होता. त्यांना कुणी पढवलं नव्हतं. एकानं दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, असा तो जबाब अकरा पोरांमधून न अडखळता गेला. उस्तादांनी पंचवीस वर्षं असाच खेळ शिकवला होता. पोरांनी आपल्याला वाचवलं, हे त्यांना कळलं. आणि त्याची लाज वाटायच्या आधी, क्षणभर का होईना, अभिमान वाटला, हेही.

जमादारांनी शेवटी त्यांना विचारलं, "पोरं म्हणतात ते बरोबर आहे ना, उस्ताद?"

उस्तादांनी मान हलवली.

"सोन्यासारखी पोरं आहेत तुमची," त्या संध्याकाळी तात्यासाहेब म्हणाले. "मिटलं समजा. आता एक करा, त्याच्या गावाकडं जाऊ नका. लोक भडकलेले असतील."

उस्ताद गेले नाहीत. सांडूला गावाकडे नेणाऱ्या जीपमागं रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेले, तेवढंच. नागपूरला संघ तात्यासाहेबांबरोबर गेला आणि पहिलीच मॅच हरून परतला. पुंजाराम गेला नव्हता. मैदानावरही तो पुन्हा दिसला नाही. त्याला मामानं कापडाच्या दुकानात घेतलं, असं पोरं म्हणाली.

तीन आठवड्यांनी एका सकाळी उस्तादांनी धुतलेला पायजमा-कुडता घातला आणि कन्नडची एसटी धरली. खिडकीशी बसल्यावर त्यांना बिदरचा एक पोरगा आठवला. पलटणीत त्यांच्याच वयाचा होता. असाच कवायतीच्या मैदानावर पडला आणि उठला नाही. हवालदार म्हणाले होते, दिल कमजोर होतं त्याचं. सगळ्यांनी ते मानलं. उस्तादांनीही मानलं, आणि दुसऱ्या दिवशी बिदरवाल्याच्या जागेवर ते स्वतः खेळले. इतक्या वर्षांत त्याचं नावही ते विसरले होते. घाटाकडचे डोंगर दिसू लागले तरी आठवलं नाही.

सांडूचे वडील रामकिसन दारातच होते. साखर कारखान्यात चौकीदार होते, रात्रपाळी करून आले होते. त्यांनी उस्तादांना ओळखलं, ओट्यावर घोंगडी टाकली. उस्ताद बसले. आणि बसल्या बसल्याच, दम न घेता, त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाणी नव्हतं. ताप नव्हता. पोर खाली बसलं तेव्हा मी त्याला उठवलं.

रामकिसन यांनी घोंगडीची दुमडलेली कड हातानं सरळ केली. मग म्हणाले, "मला म्हाईत व्हतं पाण्याचं."

उस्तादांनी वर पाहिलं.

"दिवाळीला आला तवा शेतात दिसभर राबायचा माझ्यासंगं. पाणी दिलं तर नको म्हणायचा. उस्ताद म्हणतेत, सवय पायजे. मी गावभर सांगत फिरलो, माझं पोरगं लई कडक हाय म्हणून." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कवतिक केलं मी त्याचं."

आतून सांडूची आई साळूबाई आली. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता, तो सोडला.

"हे तुमी पोलिसाला सांगितलं का?"

"नाही."

"मग आमाला कशापायी सांगता?"

ती चौकट सोडून एक पाऊल पुढे आली.

"कागदावर काय लिव्हलंय? ताप व्हता म्हणून?"

"हो."

"आदल्या ऐतवारी मी गेले व्हते बोर्डिंगात. धपाटे नेले व्हते. माझ्या हातानं त्याच्या डोक्याला तेल लावलं मी. माझ्या लेकराला ताप नव्हता." तिचा आवाज चढला नाही. "हितं बाया म्हणत्यात, दुखणाईत लेकरू आईनं पळाया धाडलं. माझी सासू म्हणती. पाण्यावर गेले की गप व्हत्यात समद्या. तुमचं तुमी मिटवलं. माझ्यावर का टाकलं?"

रामकिसन म्हणाले, "साळू, आत जा."

ती गेली नाही. उस्ताद उठले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण जे म्हणायचं ते म्हणायची जागा ही नव्हती, एवढं त्यांना कळत होतं. ते पायरी उतरले. एसटीच्या थांब्यापर्यंत मैलभर चालावं लागलं. मागं कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले. जमादारांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा सांगितला, आणि ऐकता ऐकता त्यांची पेन्सिल टेबलावर आडवी झाली.

"आता तुम्हीपण?" ते म्हणाले.

"मीपण म्हणजे?"

"पंधरा दिवस झाले असतील. तुमचा तो कप्तान आला होता इथं. माझा जबाब खोटा आहे म्हणे, दुसरा लिहून घ्या. मी पिटाळला त्याला. म्हटलं, ज्यानं शिकवलं त्याच्याशी बेइमानी करतो काय रे?" जमादारांनी दार लोटून घेतलं. "उस्ताद, माझं ऐका. घरी जा. हे लिहिलं तर तुमच्यावर खटला होईल. नोकरी जाईल. निवृत्तीला किती राहिली?"

"चार वर्षं."

"मग? पोर तर परत येत नाही."

"त्याच्या आईला लोक बोलतात," उस्ताद म्हणाले. "तुम्ही लिहा."

जमादारांनी त्यांच्याकडे पाहिलं, उसासा टाकला आणि कोरा कागद ओढला. दीड पान झालं. उस्तादांनी खाली उर्दूत सही केली. जमादार म्हणाले, "आता पोरांना पुन्हा बोलवावं लागेल. आधी कप्तानाला."

ठाण्यातून उस्ताद सरळ गुलमंडीला गेले. पुंजारामचा मामा कुठल्या दुकानात आहे, ते त्यांनी दोन ठिकाणी विचारलं. लग्नसराई अजून संपली नव्हती, दुकानात गर्दी होती. पुंजाराम फळीमागं उभा राहून ठाण उलगडत होता. पांढरा सदरा, केसांना तेल. मैदानावर तो एवढा उंच आहे, असं उस्तादांना कधी वाटलं नव्हतं.

"काय दाखवू?" त्यानं विचारलं. 'उस्ताद' असं म्हटलं नाही.

उस्ताद फळीजवळ सरकले. "तू ठाण्यात गेला होतास. जमादारांनी सांगितलं."

पुंजाराम ठाण गुंडाळू लागला.

"मी आत्ता तिथूनच आलो. खरा जबाब देऊन. आता तुला बोलावतील, घाबरू नको. तू जे खोटं बोललास ते माझ्यासाठी बोललास, असंच मी सांगणार."

"तुमच्यासाठी नाय बोललो."

तो इतक्या हळू म्हणाला, की उस्तादांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सातव्या फेरीला तो माझ्या मागंच व्हता," पुंजाराम म्हणाला. त्याचे हात कापडाच्या घडीवर होते, नजरही तिथंच. "म्हणला, पुंजादादा, डोळ्यापुढं काळं येतंय. उस्तादांना सांग, तुझं ऐकतेत. मी म्हणलं, गुमान पळ. तुमच्याकडं दुसऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आलं की दोघांलाबी पाच-पाच फेऱ्या वाढायच्या. माझे पाय भरून आले व्हते. मला नव्हत्या पळायच्या पाच फेऱ्या." तो थांबला. "पुना एकदा म्हणला. मी पुढं निघून गेलो."

बाजूला एक बाई चोळीचे खण बघत होती. मामा गादीवरून तिला भाव सांगत होता.

"जमादारानं पाण्याचं इचारलं, तवा मला वाटलं आता म्होरलंबी इचारंल. सांडू काय बोलला का, म्हणंल. म्हणून मी ताप सांगितला. ताप सांगितला की पुढचं कुणी इचारीत नाय. पोरं माझ्या मागनं बोलली." त्यानं नाक मनगटाला पुसलं. "तुमाला वाटलं तुमच्यासाठी."

उस्ताद उभे होते. फळीची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. तू लहान आहेस, तुझं वय काय, असं काहीतरी त्यांच्या ओठांशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मैदानावर पोरांच्या चुका ते दुरून, मोठ्यानं सांगत. आता ते वाकले आणि पुंजारामच्या कानापाशी बोलल्यासारखं बोलले.

"पुंजाराम, तू येऊन सांगितलं असतंस, तर मी त्याला थांबवलं नसतं. त्याला पळवला असता आणि तुलापण पळवला असता. तू सांगितलं असतंस तरी तो तिथंच पडला असता. ऐकलंस?"

पुंजारामनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "खरं?"

"खरं."

तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. हे आपलं मन राखायला तर म्हणत नाहीत ना, ते शोधत असावा. उस्तादांनी नजर हलवू दिली नाही. या एका गोष्टीबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"ए पुंजा," मामानं हाक मारली. "मावशींला मांजरपाट दे तीन मीटर. गिऱ्हाईक ताटकळलंय."

पुंजारामनं ठाण ओढलं. लोखंडी मोजपट्टी फळीवर ठेवून तो कापड मोजू लागला. एक मीटर झाला. दुसऱ्याला त्याचा हात अडला. किती झालं ते त्याला कळेना. फळीपलीकडे उस्ताद अजून तसेच उभे होते. त्यांच्याकडे न बघता त्यानं सगळं कापड मागं ओढलं आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.